अक्कांचा डाउट

प्रिय अक्का,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि लिहिलेल्यावर तुमचा विश्वासही नव्हता. तरी लिहितेय. सकाळपासून मनात काहीतरी घोळतंय आणि या घरात ते कुणाला सांगायची सोय नाही.

आज शनिवार. उद्या कानबाई बसणार. औंदा अधिक श्रावण आला, म्हणून एवढा उशीर. सकाळी न्हाऊन, ओलेत्यानं देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू काढायला बसले. घरातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ परातीत टाकायची. सासऱ्यांची म्हणून आधी आबांची घेतली, मग यांची घेतली, आणि हात आपला आपण तुमच्या नावाला कणगीत गेला. आबा खाटेवरून बघत होते. म्हणाले, "मरेल मानूसनी मूठ काढतस नही, पोरी." मूठ उघडली. गहू परत कणगीत पडले. अक्का, असं कसं हो? इतकी वर्षं या घरातल्या मुठी तुम्ही काढल्या, आणि एका फाल्गुनात तुम्ही हिशेबातूनच गेलात?

माझीही मूठ तुम्ही एकदा काढली नव्हती. विसरले नाही मी!

बेचाळीसच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी धुळ्याहून चोपड्याला आले. पहिलाच श्रावण. तुम्ही सगळ्यांच्या मुठी काढल्या, जळगावला बोर्डिंगात असलेल्या धाकट्या भाऊजींचीसुद्धा. मी आपली परातीशेजारी नवं लुगडं नेसून बसलेली. माझं नाव येईना. शेवटी तुम्ही परात उचललीत आणि म्हणालात, "एक बरीस जाऊ दे. घरमां रुळू दे." सून घरात आली, चूल फुंकायला लागली, पण रोट खायला अजून घरची नाही! दुसऱ्या कुणाच्या घरी अशी रीत मी ऐकली नव्हती. ती रीत तुमची एकटीची होती. तुम्ही कानबाईलासुद्धा विचारलं नसणार.

पण आता कळतं, तुमच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. माझा सख्खा भाऊ धुळ्याला पोलिसात जमादार. आणि तुमचा थोरला लेक, म्हणजे आमचे हे, त्याच महिन्यात तारा तोडल्याच्या भानगडीत परागंदा झालेले. सरकार त्यांना शोधतंय आणि घरात जमादाराची बहीण भाकऱ्या थापतेय! तुम्ही मला नावानं हाकसुद्धा मारत नव्हतात. "ओ धुळावाली," एवढंच.

मी विचारायची, "अक्का, हे कुठे आहेत हो?" तुमचं उत्तर ठरलेलं. "माले काय ठावं? गया व्हई कथा तरी." गेला असेल म्हणे कुठेतरी! आणि लगेच माझ्या तोंडाकडे बघायच्या, मी विश्वास ठेवला की नाही ते.

त्याच दिवसांत तुम्ही मला इंग्रजी शिकवायला लावलंत. आठवतं? गवऱ्या थापता थापता एकदम म्हणालात, "ए, संशयले इंग्रजीमां काय म्हनतस?" म्हणजे फौजदार आणि गोरा साहेब दारात येऊन बोलायला लागले, तर तुम्हाला तेवढं कळायला हवं. मी म्हटलं, दोन शब्द आहेत, डाउट आणि सस्पेक्ट. "दोन कसाले? आमनं एकमा भागस." मग मी समजावलं. समोरचा काही सांगतो आणि आपल्या मनाला ते पटत नाही, तो डाउट. समोरचा काहीच सांगत नाही, पण आपलं मन म्हणतं की इथे काहीतरी शिजतंय, तो सस्पेक्ट. डाउट म्हणजे 'नसावं', सस्पेक्ट म्हणजे 'असावं'. मराठीत आपण दोन्हीला संशयच म्हणतो आणि मोकळे होतो.

तुम्ही हातातलं शेण तसंच धरून बसलात. मग म्हणालात, "दूधवाला म्हनस दूध निव्वळ शे, तो डाउट. आनि त्यानी बायको काही न बोलता हासस, ती सस्पेक्ट." अगं बाई! मला शाळेत हे कळायला वर्ष गेलं होतं. त्या दिवसापासून अख्खी गल्ली तुम्ही दोन खणांत वाटून टाकलीत. गुरव डाउटमध्ये, पोस्टमन सस्पेक्टमध्ये, माझ्या आईनं पाठवलेलं लोणचं दोन्हीत.

मी हसत हसत विचारलं, "आणि मी, अक्का?" तुम्ही हसला नाहीत. "तुन्हावर सस्पेक्ट शे." रात्रभर रडले मी. आणि तुम्ही घोरत होतात, खुशाल!

पण अक्का, सस्पेक्ट काय तुम्हालाच करता येत होता?

रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला कणभर द्यायचा नाही, पुनवेच्या आत संपवायचे, उरले तर जमिनीत पुरायचे. ही रीत धुळ्याला आमच्याकडेही आहे. यांच्या वाटचे रोट तुम्ही वेगळ्या टोपलीत फडक्याखाली झाकून ठेवले होते, आणि ते कमी होत होते. आबांना दात नाहीत. तुम्ही स्वतःच्या वाटचा अर्धा तुकडासुद्धा पुरवून पुरवून खायच्या. मग खातंय कोण? जगाशी तुम्ही सतरा थापा मारल्या असत्या, पण कानबाईचा रोट परक्याच्या तोंडी घातला नसता. म्हणजे खाणारा घरचाच. म्हणजे जवळच आहे! आणि भर दुपारी तुम्ही डोक्यावर गवऱ्यांची पाटी घेऊन केळीच्या बागेकडे का जाता? केळीला गवऱ्या कशाला लागतात हो?

तुमचा लेक जिवंत आहे, दोन वेळा खातोय, एवढं कळलं आणि मी त्या दिवशी पोटभर जेवले.

आणि पुनवेला माझा दादा राखीला आला. साध्या धोतरात आला होता, पण पायात सरकारी बूट. मी राखी बांधली, ओवाळलं. तुम्ही चुलीपुढे पाठमोऱ्या, पुढ्यात ती टोपली. तिच्यात शेवटचा रोट होता, संध्याकाळी जायचा होता. दादानं चहा घेतला, आबांची तब्येत विचारली. मग अगदी सहज म्हणाला, "आज पुनव. रोट संपले असतील ना अक्का? दाजींच्या वाटचे काय केले? पुरले का?"

नुसता जमादार असता तर त्यानं घर धुंडाळलं असतं. पण हा खान्देशातल्या आईच्या पोटचा जमादार, यानं नेमकं तिथेच बोट ठेवलं. पुरले म्हणावं तर कुठे ते दाखव. खाल्ले म्हणावं तर कुणी? तुम्ही एरवी त्याला बाजारात नेऊन विकलं असतंत, पण देवाच्या रोटावर खोटं बोलायला तुमची जीभ उचलेना. चिमटा हातात धरून तुम्ही नुसत्या बसून राहिलात. अक्का, तुमची तशी पाठ मी पुन्हा कधी पाहिली नाही.

मी म्हटलं, "मी खाल्ले."

"सगळे?" दादानं विचारलं.

"मग! नवऱ्याच्या वाटचं बायकोनं खाल्लं तर काय बिघडलं? दोन जीवांची आहे मी. भूक आवरत नाही."

कुठून सुचलं कोण जाणे! दादाचं तोंड एकदम लहान मुलासारखं झालं. आईला सांगतो म्हणाला, उठला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि उंबऱ्यात बूट चढवताना म्हणाला, "रोट कोरडे असतात, इंदू. वर पाणी पीत जा." काय म्हणायचं होतं त्याला? आजही मला कळलेलं नाही. तुम्ही दाराच्या फटीतून बघत होतात. तो बागेकडे वळला नाही, सरळ मोटार स्टँडकडे गेला. नंतर कुणी आलं नाही.

मग तुम्ही दार लावलंत. मला वाटलं, आता रडाल, जवळ घ्याल. छे! तुम्ही टोपली ओढलीत, तो शेवटचा रोट काढलात, मोडलात आणि अर्धा माझ्या पुढ्यात धरलात. "खाय. कानबाईसमोर बोलेल खोटं पडाले नको."

मी खाल्ला. कोरडा होता, घशात अडकला. तुम्ही पाणी दिलंत. उरलेला अर्धा फडक्यात बांधून माझ्या हातात दिलात, गवऱ्यांची पाटी माझ्या डोक्यावर चढवलीत आणि पहिल्यांदा नावानं म्हणालात, "जाय, इंदू. तूच दी ये."

आठवड्याभरात आईकडून डिंकाचे लाडू आणि हिरवं लुगडं आलं. आता काय करायचं! तुम्ही दाराला कडी लावून हसलात, आणि अर्धे लाडू आबांनी चघळत चघळत संपवले. हे घरी परतायला आणि ते खरं व्हायला दोन उन्हाळे, दोन आखाज्या जाव्या लागल्या. आमची ठकी त्या हिरव्या लुगड्याच्या दुपट्यातच वाढली.

पण एक बोलतेच. माझ्या दादाला तुम्ही मरेपर्यंत माफ केलं नाहीत. दर राखीला तो यायचा आणि तुम्ही त्याच्या बुटांकडे बघत वाढायच्या. तुमच्या दहाव्याला आला होता तो, कोपऱ्यात बसून डोळे पुसत होता. तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असतात, धूर गेला असेल डोळ्यात!

गेल्या आठवड्यात स्वातंत्र्य आलं, अक्का. चावडीवर झेंडा लागला, यांनी पोरांना पेढे वाटले. आबा म्हणाले, "गोरा गया." मी मान वळवली, तुम्ही काय म्हणता ते ऐकायला. "डाउट शे," दुसरं काय म्हणणार?

तो शब्द तुम्ही शेवटपर्यंत सोडला नाहीत. त्या पुनवेनंतर एकदा मी पुन्हा विचारलं होतं, आता माझ्यावर काय? तुम्ही म्हणालात, "सस्पेक्ट सरना. आते डाउट शे." तेव्हा राग आला होता मला. मग हळूहळू कळलं. तुम्ही विचारायच्या, "जेवनी का?" मी म्हणायची, जेवले. "डाउट शे." आणि ताटात आणखी एक भाकरी पडायची. बरी आहे म्हटलं, डाउट. दमले नाही म्हटलं, डाउट. माझं एकही खोटं तुम्ही या घरात चालू दिलं नाहीत.

आता ऐका. धाकट्या भाऊजींची, वैशाखात लग्न झालेली नवी नवरी माहेराहून कालच घरात आली. नशिराबादची आहे, भेदरट आहे, परातीशेजारी बसली होती, जशी मी बसले होते. आबा म्हणाले, तुमची रीत आहे, एक बरीस जाऊ दे. मी तिचं नाव मोठ्यानं घेतलं आणि सव्वा मूठ परातीत टाकली. वचन देते तुम्हाला, या घरात आलेल्या पोरीला मी वर्षभर उंबऱ्यात उभी करणार नाही. त्यावर तुम्हाला जो शब्द लावायचा तो लावा. पण तिला कुणी खुशाली विचारली आणि ती 'बरी आहे' म्हणाली, तर मी तिच्या तोंडाकडे नीट बघेन. तेवढं तुमचं मी चालू ठेवीन.

दुपार टळली. आबांनी खाटेवरून विचारलं, जेवलीस का? मी म्हटलं, जेवले. ते कुशीवर वळले.

त्यांनी खरं मानलं, अक्का.

तुमची,
धुळावाली इंदू