लाल दोऱ्याचा पडदा

गुरुवार, १० एप्रिल

पडद्यांचे भाव ऐकून दुकानातून आल्यापावली परतले होते, म्हणून दादाच्या साड्यांचं केवढं अप्रूप वाटलं! द्राक्षं उन्हाने करपू नयेत म्हणून तो जुन्या साड्यांचे गठ्ठे विकत आणून बागेवर टाकतो. माल निघाल्यावर त्यातल्याच थोड्या माझ्याकडे पाठवल्या. आज धुतल्या, वाळवल्या. हॉलच्या खिडकीसाठी मोरपंखी साडी बेतायला घेतली, तर काठाजवळ रफू दिसलं. मोरपंखीवर लाल दोरा.

डोळे अधू झाल्यावर आई हाताला लागेल तो दोरा ओवायची. आईची मोरपंखी होतीच. तशी ती आणखी शंभर बायकांचीही असेल. उगाच कशाला संशय?

साड्या मिळाल्या एवढं सांगायला वहिनीला फोन केला. तर तीच घाईघाईने म्हणाली, "ताई, सगळ्या गठ्ठ्यातल्याच हायेत बरं का, घरातली एक बी नाय."

मी कुठे विचारलं होतं?

आई गेल्यावर आठवण म्हणून मी मोरपंखीच मागितली होती. तेव्हा हीच म्हणाली होती, कुठं सापडतच नाय.

दादाला विचारावं? नको, तो गप्प बसेल आणि मग मला ते गप्प बसणंच खुपेल. पडदा शिवून लावलासुद्धा. लाल दोरा बरोबर हात लागतो तिथे आलाय. रविवारी दोघं जेवायला येणार आहेत. वहिनीला खिडकीशीच बसवणार आणि म्हणणार, ऊन येतंय गं, जरा पडदा ओढतेस?

बघू, हात कुठे अडतो.