मराठी नावाचा फोल्डर

प्रिय सुनंदा,

आज सकाळी अकराच्या सुमारास तुझ्या खेळातलं चित्र हललं. खेळ तसा तेरा दिवसांपासून सुरू होता, पण त्यातलं हे हलतं चित्र काही दिसत नव्हतं. ते दिसलं तसं तुला सांगायला मी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. मग आठवलं, तू आता नाहीस. म्हणून हे पत्र. खरं कारण वेगळंच आहे. मला तुझा राग आलाय, आणि राग आला की मी लिहून काढतो, हे तुला माहीत आहे.

शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली, तीन सीडी सापडल्या. दोन खेळाच्या आणि तिसरीवर तुझ्या अक्षरात ‘बाकी’. खेळ एका बेटावरच्या दीपगृहाचा. ते सांभाळणारी एक बाई, तिचे विझलेले दिवे, आणि एकूण बारा भाग. तू आणि कॉम्प्युटरवरचा खेळ! आपल्या संसारात तू कधी पत्त्यांना हात लावला नाहीस. ‘रिकामटेकड्यांचे धंदे’ म्हणायचीस ना?

मग पाकिटावर रायपूरच्या दुकानाचा शिक्का दिसला आणि सगळा उलगडा झाला.

आपल्या राज्याचे दोन तुकडे होऊन रायपूर नव्या राज्यात गेलं तेव्हा तुझ्या खात्यातल्या माणसांचेही झाले. कोण इकडे, कोण तिकडे, याची यादी आमच्या पेपरात माझ्याच टेबलावर आली. जागा कमी होती म्हणून मी ती निम्मी कापली, आणि नेमकं तुझं नाव कापलेल्या निम्म्यात! ग्वाल्हेरला थाटीपुरच्या आपल्या क्वार्टरमध्ये येऊन तुला सांगितलं तर म्हणालीस, “अहो, छापलं नाहीत म्हणून बदली टळणार आहे का?” किती हसलो होतो आपण. पुढच्या महिन्यात तू होल्डॉल बांधून रायपूरला गेलीस, आणि कुणाशी तरी अदलाबदल करून आपसी बदली मिळायला तीन वर्षं लागली.

दर रविवारी फोनवर मी विचारायचो, संध्याकाळी काय करतेस? “काही नाही हो. ऑफिस, भाजी, झोप.” परत आल्यावरही तेच. मी जन्मभर लोकांच्या बातम्या तपासल्या. ‘काही नाही’ म्हणणाऱ्या माणसाला दुसरा प्रश्न विचारायचा असतो, हे नवशिक्यांना शिकवलं. तुला का नाही विचारला?

तिथे तुझ्याबरोबर एकाच क्वार्टरमध्ये राहणारी ती कमला तिवारी. तिच्या हातचं लोणचं मी खाल्लं, तिचे नमस्कार घेतले. कॉम्प्युटर तिचा होता, हे मात्र कधी बोलली नाहीस. दोघी शेजारी शेजारी बसून दीपगृहात दिवे लावत होतात, आणि मी इकडे खिचडी लावत होतो!

तर तो खेळ मी माझ्या लॅपटॉपवर चढवला. पहिला भाग पार केला, रडतखडत. भाग संपला की छोटासा सिनेमा लागतो म्हणे, जाणकार त्याला कटसीन म्हणतात. मला काय दिसलं? पडदा काळा झाला, क्षणभर थांबला, आणि सरळ दुसरा भाग सुरू. दुसऱ्यानंतर पुन्हा तेच. चालायला मिळत होतं, कोडी सोडवायला मिळत होती. पण तू जे बघितलंस ते नेमकं मला वगळून!

मी हट्टी आहे. सीडी मऊ फडक्याने पुसली. जुन्या विंडोजसारखं चालव, असं लॅपटॉपला सांगितलं. पडद्याचा आकार लहान केला. सीडीवरच्या सिनेमाच्या फायली सुट्या उघडून बघितल्या. कुठलाच प्लेअर त्यांना ओळखेना. सगळा खेळ काढून पुन्हा चढवला. पुन्हा काळा पडदा.

एक इलाज पहिल्या दिवसापासून हाताशी होता. तिवारीबाईंचा नंबर तुझ्या फोनमध्ये आहे. बारा दिवस मी तो लावला नाही. माझ्या बायकोने काय बघितलं हे मी दुसऱ्या कुणाला विचारू? लहानपणा म्हण हवं तर. आज सकाळी शरण गेलो.

“भाईसाहब! नंदी का गेम? आपने चढ़ा लिया?”

“नंदी कोण?” मी मराठीतच विचारलं. मला बैलच आठवला.

“अरे, सुनंदा! हम तो नंदी ही बोलते थे।”

सुनंदा, मी तुला लग्नापासून सुनंदाच म्हणत आलो. तुझ्या आईने ठेवलेलं नाव मोडायचं नाही, अशी माझी शिस्त. आणि रायपूरमध्ये कुणी तुला बिनधास्त नंदी करून टाकलं, तू ओ दिलीस, आणि मला पत्ता नाही!

मी आवाज शक्य तितका सरळ ठेवून तक्रार सांगितली. बाईंनी सीडीचं विचारलं नाही, विंडोजचं नाही.

“फ़ोल्डर का नाम क्या रखा है?”

“सुनंदाचा खेळ.”

“मराठी अक्षरों में?”

“अर्थात.”

पलीकडे इतकं हसणं की मी फोन कानापासून दूर धरला. “नंदी कहती थी, हमारे ये तो दूधवाले का हिसाब भी मराठी में लिखवाएँगे! भाईसाहब, पुराना गेम है, उसे अपनी लिपि नहीं आती। रास्ते में ऐसा नाम आया कि पिक्चर की फ़ाइल नहीं ढूँढ पाता, छोड़के आगे निकल जाता है। अंग्रेज़ी में लिख दो।”

तेरा दिवस, सुनंदा! हिंदीच्या गावात राहून घरातली प्रत्येक बरणी, प्रत्येक फाईल मी मराठीत ठेवली. तुझ्या प्रेमाने फोल्डरलाही मराठी नाव दिलं, तर तेच आडवं आलं. आणि माझी ही खोड रायपूरला आधीच पोचली होती! चहा पिता पिता माझ्यावर हसत होतात ना दोघी? मी तिथे होतो तर, निदान थट्टेपुरता. त्याचं मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

नाव बदललं. तिसऱ्या सीडीत तुम्ही जपून ठेवलेले टप्पे होते. तेही बाईंनी फोनवरून सांगत माझ्याकडून योग्य जागी ठेवून घेतले. यादी उघडली. नंदी एक, नंदी दोन, नंदी तीन. पहिला उघडला, थोडं पुढे गेलो, आणि समुद्र हलला. पडद्याच्या मधोमध पोस्टकार्डाएवढं चित्र, रंग उडालेले. एक होडी येते, बाई कंदील वर धरते, संपलं. मिनिटभराचं काम. एवढ्यासाठी मी बारा दिवस जळफळलो?

यादी अकराव्या भागाशी थांबते. मी विचारलं, “बारावा कुठाय?”

“वो तो खेला ही नहीं। उसका ऑर्डर आ गया। मैंने कहा, चल, आख़िरी आज निपटा दें। बोली, नहीं, ये ग्वालियर में उनके साथ करूँगी। मैंने भी फिर अकेले नहीं खेला। क्यों, उसने आपको दिखाया नहीं?”

मी म्हणालो, “राहून गेलं.”

तू परत आलीस त्याच आठवड्यातली संध्याकाळ असणार ती. “अहो, दोन मिनिटं येता का? एक गंमत दाखवायचीय.” माझ्यासमोर रविवारच्या पुरवणीचं पान होतं. “हे पान छपाईला सोडतो आणि आलोच.” दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलंस. तिसऱ्या दिवशी नाही. पानं वेळेवर गेली, सगळी. त्यातलं एकही आज मला आठवत नाही. पण तूही जरा ओरडायचं होतंस! हात धरून ओढायचं होतंस. इतकी शहाणी कशाला झालीस?

तिवारीबाईंना मी इकडे बोलावलंय. गुरुवारी येतील. बारावा भाग त्यांच्याशिवाय मला जमायचा नाही, आणि माझ्याशिवाय त्यांनी तो खेळायचा नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. हेवा गेलेला नाही. तुझी तीन वर्षं त्या बाईंकडे आहेत, ती मी एकेक करून विचारून घेणार आहे.

आणि तुला एक वचन. त्या खेळाचा शेवट आम्ही दोघं बघू, अगदी शेवटच्या चित्रापर्यंत. तो कसा होता हे तुला मी मुळीच सांगणार नाही. तू विचारलंस तर म्हणेन, काही नाही गं. एकदा तुलाही हेवा वाटू दे.

तुझाच,
वसंत