चाळीस अंशांचं नरसाळं

गोकुळ रोड, हुबळी
रविवार, ता. १४ नोव्हेंबर १९९९

प्रिय पद्मनाभ,

नमस्कार. मी चार वर्षांनी मोठा, म्हणजे आशीर्वाद लिहायला हवा. पण ज्याने सहा वर्षांत एक ओळ लिहिली नाही त्याने आशीर्वादापासून सुरुवात करू नये. इकडे सगळे ठीक. दिवाळी साधीच झाली. सोनाली पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सायन्सला. वर्कशॉप चाललंय. पत्रा कापायला अजून मीच बसतो, दुसऱ्याचं कापलेलं मला पटत नाही, हे तुला सांगायला नको.

तुझ्या हेमावती वहिनी दिवाळीला माहेरी आल्यात, आदल्या आठवड्यात इथे लॅमिंग्टन रोडवर भेटल्या. तू बेळगावला चुलतभावाच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात आहेस, बरा आहेस म्हणाल्या. तुमच्या लेकीला, वेदश्रीला, गणिताची शिकवणी लावली, तेही म्हणाल्या. मी म्हटलं, "घरात इंजिनीयरिंगचा डिप्लोमा असताना?" तर म्हणाल्या, "ते म्हणतात, माझ्या आकड्यांवर विसंबू नका."

म्हणून हे पत्र. बाकी मजकूर नंतर, मुख्य गोष्ट आधी लिहितो, ठळक लिहितो: पद्मनाभ, १९९३च्या त्या नरसाळ्याचं तुझं गणित बरोबर होतं. सूत्र बरोबर, कोन बरोबर, कळाही तू बरोबर दाबल्यास. आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. सिद्ध करून लिहितोय.

आता नीट वाच.

ऑक्टोबरात एका दुपारी सोनाली करवादली, "अप्पा, हा कॅल्क्युलेटर बिघडलाय बघा. सायन तीस मायनसमध्ये यायलाय." मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "अय्यो, आर आहे की वर! रेडियनवर पडलाय." एक कळ दाबली आणि ०.५ आला. ती पुढच्या गणिताला लागली. मी मात्र तिथेच उभा. त्या पडद्याच्या वरच्या कडेला एक बारीक अक्षर असतं, ते मी पूर्वी कधीतरी पाहिलं होतं.

तिचं पुस्तक मागून घेतलं. "तुम्हाला कशाला पाहिजे?" म्हणाली. "पत्रा गुंडाळायला," म्हटलं. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, एका पानाला एक दिवस. अकरा दिवस लागले. व्याख्या वाचून काही कळेना: त्रिज्येइतक्या लांबीच्या कंसाने केंद्राशी केलेला कोन. मग पुस्तक मिटलं आणि सुतळी घेतली.

ऑइलच्या ड्रमचं झाकण घेतलं, त्रिज्या २८५ मिलिमीटर. सुतळी बरोबर २८५ची कापली आणि काठावर बसवली. तिच्या दोन टोकांपासून मध्यापर्यंत रेघा ओढल्या, मोठा कोनमापक लावला. सत्तावन्न आणि थोडं. मग जेवायचं ताट घेतलं, त्रिज्या ११०, सुतळी ११०ची. पुन्हा सत्तावन्न आणि थोडं! झाकण मोठं, ताट लहान, कोन एकच. पूर्ण काठावर ड्रमला सहा सुतळ्या बसून वर साडेऐंशी मिलिमीटर उरले (हिशेबाने ८०.७), ताटाला सहा बसून एकतीस. दोन्हीकडे उरलेला तुकडा आपापल्या सुतळीच्या ०.२८३ पट. म्हणजे पूर्ण फेऱ्याला ६.२८३ सुतळ्या, अर्ध्याला ३.१४१६. पद्मनाभ, तो पाय होता रे! इतकी वर्षं मी पायला फक्त परीघ काढायचा आकडा समजत होतो. अर्धा फेरा म्हणजे १८० अंश, आणि अर्धा फेरा म्हणजे पाय सुतळ्या. संपलं. अंशांचे रेडियन करायचे तर पायने गुण, १८०ने भाग. रेडियनचे अंश करायचे तर १८०ने गुण, पायने भाग. एका सुतळीला ५७.२९५८ अंश. ३६० हा आकडा कुणीतरी बसून ठरवलेला आहे. सुतळी चाकाच्या स्वतःच्या पोटातून निघते. हे पुस्तकात असं लिहिलेलं नाही, हे माझं आहे.

तुला हे सगळं पहिल्यापासून येतं, ठाऊक आहे. तरी लिहितोय. नववी नापास माणसाला सत्तेचाळिसाव्या वर्षी समजलंय, ऐकून घे.

आता पांडुरंगशेटांच्या डाळमिलचं नरसाळं. तिरकी बाजू टोकापासून १२००, मधल्या उभ्या रेषेशी कोन ४०. सपाट पत्र्यावर वर्तुळाचा किती अंशांचा तुकडा कापायचा? ३६० गुणिले सायन ४०. हे तुझं सूत्र. तू आकडा दिलास २६८.२. तुझी चिठ्ठी माझ्याकडे आहे. पुरावा म्हणून ठेवली होती, तुझ्याविरुद्ध.

कॅल्क्युलेटर त्या दिवशी रेडियनवर होता. त्याला चाळीस अंश दिसलेच नाहीत, चाळीस सुतळ्या दिसल्या. चाळीस सुतळ्या म्हणजे २२९१.८ अंश. त्यातून सहा पूर्ण फेरे, २१६०, काढून टाक. उरले १३१.८. त्याचा सायन म्हणजेच १८०तून वजा करून येणाऱ्या ४८.२चा सायन, ०.७४५१. गुणिले ३६०. दोनशे अडुसष्ट पूर्णांक दोन दशांश! तुझी चिठ्ठी!

मी वर्कशॉपात एकटाच ओरडलो. शेजारचा लेथवाला धावत आला, "एनायतरी? बोट गेलं काय?"

अजून आहे. ते जुनं नरसाळं मागच्या शेडमागे पालथं पडलंय, मी मोडीत घातलं नव्हतं. आडवं करून मोजलं. कोन ४८ आणि थोडा. तोंडाचा व्यास हिशेबाने १७८८.३ यायला हवा, प्रत्यक्षात १७८८. म्हणजे तुझं सूत्र बरोबर, माझं कापणंही बरोबर. फक्त मध्ये ती कळ. कुणाचा तरी हात लागला असेल.

चहा पिऊन आलो.

चहाआधीचं ते शेवटचं वाक्य खोडणार होतो. पण मी खाडाखोड करून पत्र पाठवत नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसलो तर धीर राहणार नाही. तसंच असू दे. हात माझा होता.

तेव्हा आपण एकत्र काम करायचो. दुपारी तू जेवायला देशपांडे नगरला घरी जायचास, मी वर्कशॉपात डबा खाऊन बसलेला असायचो. सायन म्हणजे काय ते तुला विचारायची मला लाज वाटायची. तू अण्णा म्हणायचास, आणि अण्णाने विचारायचं कसं? म्हणून तुझ्यामागे मी तुझ्या कॅल्क्युलेटरच्या कळा दाबून बघायचो. नरसाळ्याच्या आदल्या दुपारी वरचं बारीक अक्षर बदललं. मी घाबरलो. सात गुणिले आठ करून पाहिलं. छप्पन्न आले. म्हटलं, चला, काही बिघडलं नाही. आणि जागच्या जागी ठेवून दिला.

मिलच्या आवारात काय झालं ते तुला आठवतंच. साखळीने नरसाळं वर ओढलं. डाळीच्या टाकीची खालची कडी १५४३ची, हे १७८८चं. कडीवर टोपीसारखं बसलं. हमाल हसले. पांडुरंगशेट म्हणाले, "विठ्ठल, आम्हाला टोपी घातलीस की रे!" मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हात माझे, आकडा डिप्लोमाचा. हात चुकलेले नाहीत." तू तक्त्यांचं पुस्तक काढून पाहिलंस, २३१.४ आले. तुझा चेहरा उतरला. मग तू मला हळूच विचारलंस, "अण्णा, माझ्या कॅल्क्युलेटरला हात लावला होतास काय?"

मी मोठ्याने म्हणालो, "मी? मला काय करायचंय तुझ्या खेळण्याशी?"

लोक पुन्हा हसले. रेडियन मला तेव्हा माहीत नव्हता, ती माझी चूक नव्हे. पण हात लावला होता हे माहीत होतं. तेवढं खरं बोललो असतो तर तू दोन मिनिटांत ओळखलं असतंस.

आणि वहिनी भेटल्या तेव्हा गणित सुटून दोन आठवडे झाले होते. तरी रस्त्यात उभा राहून मी फक्त "बरं, बरं" म्हणालो. सुटल्याचा आनंद होता, सांगायची छाती नव्हती.

दिवाळी संपली तसा, गुरुवारी, मिलवर गेलो. त्याच आवारात. हमालांतले तिघे जुने होते, त्यांनाही बोलावलं. चिठ्ठी दाखवली, सुतळी दाखवली. म्हटलं, पद्मनाभचा आकडा बरोबर होता, कळ मी दाबली, आणि इथेच उभा राहून खोटं बोललो.

पांडुरंगशेट म्हणाले, "सहा वर्षांनी हे सांगायला आलास?"

"होय."

"सुतळीचं काही कळलं नाही बघ मला. पण बरं केलंस." मग म्हणाले, "नवीन शेडला आणखी एक पाहिजे. आकडा कोण काढणार?"

"पद्मनाभ."

"येणार काय तो?"

"ते मला माहीत नाही. पण आकडा त्याचाच."

एक हमाल म्हणाला, "ह्या वेळी टोपी नको हं, अण्णा." सगळे हसले. मीही हसलो. बाहेर पडलो तेव्हा हवेत चालल्यासारखं वाटत होतं. या वयात!

वहिनी उद्या बेळगावला परततात, त्यांच्याबरोबर पत्र आणि तू तेव्हा वर्कशॉपात टाकून गेलेला तुझा कॅल्क्युलेटर देतोय. नवे सेल घातलेत. या वेळी सात गुणिले आठ केलं नाही. सायन तीस केला. ०.५ आला.

नवीन कामाचं माप: तिरकी बाजू १३५०, कोन ३५. तुकडा किती अंशांचा, तेवढंच एका कार्डावर लिहून पाठव. वेदश्रीला शेजारी बसवून काढ. मला आता काढता येतं, पण मी काढलेलं नाही, आणि तुझं कार्ड आल्यावरही काढणार नाही. दुसऱ्याचं माप दोनदा तपासल्याशिवाय मी आयुष्यात कात्री चालवलेली नाही. तुझा आकडा येईल तो पत्र्यावर आखीन आणि कापीन.

पत्रे आणून ठेवलेत.

तुझा,
विठ्ठलअण्णा
(अण्णा म्हणायचं की नाही, ते तू ठरव.)