मामांना काढायचं नाही

४ मार्च
चावीवाल्याला काढलं. कोपऱ्यावरचा, विजेच्या खांबाला टेकून बसणारा. टॅबलेटवर स्टायलसने आधी भिंत, मग तो, मग वरून ऊन. खांबावरचा क्रमांकही सोडला नाही. चित्र खोटं बोलू लागलं की व्यंगचित्रकाराने दुसरा धंदा बघावा. ही माणसं संपत चालली आहेत. उद्या कुणी म्हणू नये, ती नव्हतीच. संध्याकाळपर्यंत चित्र फोनाफोनांवरून गावभर फिरलं.

मामांचा फोन. जन्मभर एका जिन्याखाली बसून घड्याळं दुरुस्त करत आलेत. "सगळ्या जगाला काढतोस. मला कधी काढणार? मेल्यावर?"
"तुमचं नाक मावत नाही, मामा."
"मग नुसतं नाक काढ."

१२ मार्च
चावीवाला जागेवर नाही. खांबापाशी ओलं सिमेंट.

१९ मार्च
न्यायालयाबाहेरचा टंकलेखकही गेला. त्याला काढून आठवडासुद्धा झाला नव्हता. टेबलाचे पाय होते तिथे चार डाग.
बायको म्हणाली, "तुझ्या हाताला गुण नाही. माझं चित्र काढू नकोस हं."
हसलो. थोडंच.

२३ मार्च
वाचनालयात माझं व्याख्यान. नंतर एक साहेब भेटायला आले. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. "सर, आमच्या कार्यालयात तुमची चित्रं भिंतीवर लावली आहेत." मी सुखावलो. विचारलं, कुठलं कार्यालय?
"अतिक्रमण विभाग. पूर्वी आमची माणसं उन्हातान्हात फिरायची. तुमच्या चित्रात खांबाचा क्रमांकसुद्धा असतो! आता तुम्ही काढता, मग आम्ही काढतो."
स्वतःच्या विनोदावर ते हसले.

२४ मार्च
नेटवरची सगळी चित्रं उतरवली. वरातीमागून घोडं. त्यांच्या भिंतीवरची कोण उतरवणार?

काढणं. दोन्हीला एकच शब्द. जन्म रेघांवर आणि शब्दांवर काढला आणि एवढं ऐकू आलं नाही.

२६ मार्च
मामा पुन्हा. "काय, ठरलं का?"
"तुम्हाला नाही काढणार."
"नाक कापून घेऊ का?"
खरं सांगितलं तर धसका घेतील. त्यांचं पोट त्या जिन्याखालच्या टेबलावर आहे.
"तुझी मामी म्हणतेच, भाच्याला आमची लाज वाटते." फोन ठेवला त्यांनी.
वाटू दे. माझ्या स्टायलसचं टोक त्यांच्याकडे वळणार नाही.

३१ मार्च
चौकात सभा. बोलायला उभा राहिलो, साचलेलं सगळं बाहेर पडलं. गरिबाला हटवून रस्ता रुंद होतो, गाव अरुंद होतं — यावर तर शिट्ट्या. मग आवाज चढवला: "जुन्या टपाल कचेरीच्या जिन्याखाली माझा मामा बसतो. चाळीस वर्षं तुमची घड्याळं चालू ठेवतोय. परवाना नाही, कागद नाही. आहे कुणाच्या बापाची हिंमत त्याला हात लावायची?"
टाळ्या थांबेनात. ते साहेब पहिल्या रांगेत. तेही वाजवत होते. वाजवू दे, म्हटलं, लाज वाटली असेल. कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

२ एप्रिल
मामांचा फोन. टेबल नेलं, भिंग नेलं, गिऱ्हाइकांची घड्याळंसुद्धा नेली. आवाज अगदी शांत.
"पण माणसं सभ्य होती रे. तुझ्या भाषणाचं फार कौतुक करत होती. शब्द न् शब्द पाठ होता त्यांना."