मग नळी कशाला?

३ मार्च

माझ्या हातचं: आठ संगणकांची जोडणी, त्यांची लोखंडी चौकट, गार हवेसाठी पत्र्याचा बोगदा, रेणू मोजणारा प्रोग्रॅम. आणि पडद्याच्या कड्या एकावर एक चिकटवून केलेली नळी — पेप्टाइडची, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्याची, कडी कडीवर बसून नळी कशी होते ते पाहुण्यांना दाखवायला. पदवी तेवढी नाही.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या, या शोधलेखावर तुमचं नाव माझ्या शेजारी. पहिल्यांदाच! शुक्रवारी औषध कंपनीचे लोक येणार. अशी नळी पेशीच्या आवरणात रोवली की औषधाचा रेणू तिच्यातून पार होतो — निदान आमच्या संगणकावर तरी. धडाधड होतो.

जरा जास्तच धडाधड.

५ मार्च

आकडे पुन्हा काढले. तेच. तरी पुन्हा मोजायला लावले.

६ मार्च

बायको कड्या परत मागते आहे. म्हणे, तुमच्या विज्ञानापायी माझा पडदा एका बाजूने लोंबतोय. तिला समजावत बसलो — संगणकातला पाण्याचा डबा लहान, म्हणून त्याच्या कडा एकमेकींना जोडलेल्या. रेणू वरून बाहेर पडला की खालून आत येतो.

"अहो, मग नळी हवीय कशाला?"

हसलो. जेवताना हसू गेलं.

७ मार्च

तेच निघालं. दिवसभर संगणकाच्या पडद्यावर एकेक रेणू डोळ्यांनी पाहिला. बहुतेक नळीकडे फिरकतसुद्धा नाहीत! वर तरंगत जातात, डब्याच्या छतातून नाहीसे होतात, तळाशी हजर. माझा प्रोग्रॅम बघतो एवढंच — मघाशी आवरणाच्या वर होता, आता खाली आहे. झाला पार! कड ओलांडली का, हे विचारणारी ओळ मी लिहिलीच नाही. मी!

शंभरावर मोजलेल्यांतले नळीतून खरे गेलेले तीन.

प्रोग्रॅम माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. उद्या गप्प बसलो तर नाव छापून येईल. नंतर कुणीतरी तो रेणू माझ्यासारखाच बघत बसेल, आणि ते नाव तिथेच असेल.

८ मार्च

कंपनीचे लोक यायच्या आधी बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तीन तरी नक्की?"

"नक्की. डोळ्यांनी पाहिलेत."

बैठकीत त्यांनी तीनच सांगितले. चूक कुणाची, ते मीच सांगितलं. कंपनीच्या साहेबांनी मान डोलावली, चहा अर्धा ठेवला. लेख मागे घेतला. नावाचं नंतर बघू, म्हणाल्या बाई. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

११ मार्च

पडद्याला नव्या कड्या आणल्या. जुन्या सुटणार नाहीत. बायको म्हणाली, चेहरा का असा? म्हटलं, काही नाही.

प्रोग्रॅममध्ये ती ओळ घातली. ते तीन का गेले असतील?

१४ मार्च

साहेबांचा फोन. आमच्याकडे या — तुमची ती जोडणी, तो पत्र्याचा बोगदा, असं कुणाला जमत नाही. मोजणी आमची शिकलेली माणसं करतील, तुम्ही फक्त यंत्रं सांभाळा. नाही म्हणालो. बायकोला सांगितलेलं नाही. वर्षाला छत्तीस लाख.