ओटा सोडला आणि...

बाईसाहेब,

फोन उचलत नाहीस, म्हणजे बायकांची हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतेस तो वर्ग रंगात आलेला दिसतोय. भाजी अर्धीच चिरली आहे, उरलेली आल्यावर तू चीर.

खालच्या शिंपीणबाई मला दवाखान्यात नेतायत. दुकान बंद करायला गेल्यात, तोवर लिहून घेते. हो, त्याच, तुझ्या लाडक्या! परवा जिन्यातून पाहिलं मी, त्यांना एका पायावर तोल सांभाळायला शिकवताना कोपर कसं धरलं होतंस ते. "मावशी, घाबरू नका, मी आहे ना!" मला मात्र चपला घालता घालता, "आई, कॅल्शियमची गोळी घे गं." पोटात दुखलं माझ्या, खोटं कशाला बोलू?

म्हटलं, त्यांना जमतं तर मला का नाही जमणार? ओट्याला धरून एका पायावर उभी राहिले. छान जमलं. मग चढेल झाले आणि ओटा सोडला.

पडल्याचा आवाज ऐकून त्याच धावत आल्या. दुकानातलं नवं कापड फाडून माझा हात गळ्यात बांधला. बाई चांगली आहे, त्याचाच जास्त राग येतो.

तू सरळ दवाखान्यात ये. त्यांचे आभार नंतर मान, आधी माझ्याकडे ये. आणि हात धरशील तो डावा धर. हे सगळं त्यानंच लिहिलंय.

आई