बाबांना कुणी विचारलंच नाही

२५ ऑक्टोबर

चि. बोक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. तुमच्या त्या डोंगराआड फोन लागत नाही, म्हणून हा जुना मार्ग. बाबा येत्या रविवारी तुझ्याकडे यायला निघतायत. आई गेल्यापासून ते नुसते खिडकीशी बसून असतात. डोळे थकले म्हणून गिऱ्हाइकांचे कपडे शिवणं सोडलं, तेव्हापासून हातांना काम नाही. समुद्राकाठी हवापालट होईल असं मीच सुचवलं आणि आता माझाच जीव थाऱ्यावर नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. पडलेल्या म्हाताऱ्यांना मी दिवसभर पुन्हा उभं राहायला शिकवते. प्रत्येकजण हेच सांगतो, की नुसता पाय घसरला. हे घरातल्या फरशीवर पडलेले लोक. तुमच्याकडे तर शेवाळ, खडक आणि लाटा. तेव्हा बाबांना होडीत बसवायचं नाही, डोंगरावर न्यायचं नाही. मला वचन दे. मी सांगितलंय हे मात्र त्यांना कळू देऊ नकोस, फुगून बसतील. जागा नाही म्हण, पाहुणे जास्त झाले म्हण. थापा मारण्यात तू लहानपणापासून पटाईत. एकदा तरी ती विद्या घराच्या उपयोगी येऊ दे.

बाकी क्षेम. रागावलास तरी चालेल, पण उत्तर लिही.
तुझी ताई

८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा सुखरूप पोचले. होड्या ठेवायच्या शेडमागच्या खोलीत त्यांची खाट टाकली आहे. सकाळी उठून आधी पाण्याकडे बघतात, मग चहाकडे. आल्या आल्या त्यांनी सगळी लाइफ जॅकेटं तपासली, उसवलेले पट्टे काढले आणि सुई-दोरा घेऊन बसले. डोळ्यांचं काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, पट्ट्याला डोळे कशाला लागतात, बोटं लागतात.

आमचा उद्योग तू पाहिलेला नाहीस, म्हणून लिहितो. एकदोघांनी वल्हवायच्या चिंचोळ्या होड्या आहेत, त्यांना कयाक म्हणतात. थोडेच पाहुणे घेऊन खारफुटीतून हळूहळू जायचं, गाणी लावायची नाहीत, कचरा टाकायचा नाही, खेकडे आणि पक्षी दाखवायचे. दुसऱ्या दिवशी डोंगर चढून धबधब्यापर्यंत. डोंगर माझा, पाणी कप्तानचं. कप्तान म्हणजे माझी भागीदार. तिचं खरं नाव फक्त तिची आईच वापरते. परवा एका पाहुण्यानं विचारलं, धबधबा संध्याकाळी किती वाजता बंद करता. कप्तान तोंडावरची सुरकुती न हलवता म्हणाली, तुमची आंघोळ होईपर्यंत चालू ठेवतो.

आता तुझ्या कामगिरीचं सांगतो. पहिल्यांदा बाबांना म्हणालो जागा नाही. मग म्हणालो भरतीची वेळ बरोबर नाही. काल दोन पाहुणे आलेच नाहीत आणि रिकामी कयाक बाबांच्या समोर वाळूत पडून होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाहुण्यांच्या चपला ओळीनं लावायला लागले. काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. कप्ताननंही विचारलं, काका कधीच का येत नाहीत. मी म्हणालो, त्यांना पाण्याची भीती वाटते. थाप इतकी सहज आली की माझी मलाच लाज वाटली.

तुझा शब्द पाळतोय. तो पाळताना बरं वाटत नाही, एवढंच कळवायचं होतं. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा बोका

१९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच: बाबा ठीक आहेत. गुडघे खरचटले आहेत आणि खोकला झालाय, बाकी काही नाही. आता पुढचं सांगतो.

मंगळवारी मी पाहुण्यांना घेऊन डोंगरावर होतो. कप्तान गावात सामान आणायला गेली होती. बाबा एकटेच शेडवर होते. त्यांनी स्वतःच शिवलेलं जॅकेट घातलं, ती रिकामी कयाक ओढत पाण्यात नेली आणि खारफुटीत शिरले. आत पाणी संथ असतं, तिथे जमलंही असावं त्यांना. पण ओहोटी लागली होती. ओहोटीचं पाणी खाडीच्या तोंडाकडे खेचतं आणि तिथे खडकांवर लाटा फुटतात. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? आम्ही त्यांना पाण्याजवळच जाऊ दिलं नव्हतं.

कप्तान परत आली, तिला एक कयाक कमी दिसली आणि वाळूत ओढल्याची खूण दिसली. माझी वाट न बघता ती निघाली. बाबा खडकांच्या अगदी जवळ पोचले होते. तिनं त्यांची कयाक ढकलून लाटांच्या बाहेर काढली, आणि तेवढ्यात पुढच्या लाटेनं तिला उचलून खडकावर आपटलं. उजवा खांदा निखळला, दंडाचं हाड मोडलं. मासे धरायला आलेल्या एका नावेनं दोघांना ओढून आणलं. मी डोंगरावरून उतरलो तेव्हा तिला गाडीत घालत होते. तिनं मला एवढंच विचारलं, काकांना पाण्याची भीती वाटते ना रे? बाबा तिथेच उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

हंगाम तोंडावर आहे आणि तिचा हात गळ्यात बांधलाय. तिच्या दारापर्यंत जातो आणि परत फिरतो. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, माझंही धाडस होत नाही. सगळं माझ्या खोटेपणामुळे झालं.

तुझ्या पत्राला पात्र नाही, तरी वाट पाहतो.
बोका

२४ नोव्हेंबर

चि. बोक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दवाखान्यात उघडलं आणि पुढच्या पेशंटला बसवून ठेवलं. तू स्वतःला दोष देऊ नकोस. थाप तुझी, पण मारायला मी लावली. भीतीही बाबांची नव्हती, माझी होती, आणि तू ती त्यांच्या नावावर खपवलीस. मी रोज लोकांना सांगते, की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला गाठोडं करून कोपऱ्यात ठेवू नका, हिंडू-फिरू द्या. आपल्या घरी मात्र मी गाठोडंच बांधलं, वर गाठ मारायला तुला बसवलं. त्या बाईचा खांदा माझ्यामुळे गेला. तुझी यात काही चूक नाही, असं मी तुला बजावून सांगते.

तिचा एक्स-रे आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते सविस्तर कळव. बाबांना पुढच्या गाडीनं इकडे पाठवून दे. त्यांनी तिथे राहणं आता बरं दिसत नाही. मी रजा मिळताच येऊन कप्तानच्या पाया पडेन.

तुझ्यावर राग नाही. स्वतःवर आहे, तो कुठे ठेवावा कळत नाही.
ताई

३० नोव्हेंबर

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बोक्यानं मला वाचायला दिलं. बोलायचं धाडस होत नव्हतं, म्हणून पत्र पुढे करून तो बाहेर जाऊन उभा राहिला. तुझं आधीचं पत्रही मग मागून वाचलं. हे पत्र पाकिटात घालण्याआधी त्यालाही वाचायला देणार आहे. घरात लपवाछपवी पुरे झाली.

तुम्ही दोघं बहीणभाऊ माझी चूक वडिलोपार्जित जमीन असल्यासारखी आपसांत वाटून घेताय. एक म्हणतो सगळी माझी, दुसरी म्हणते सगळी माझी. मला माझा वाटा ठेवा. कयाक मी ओढली. ओहोटी म्हणजे काय हे मला कळत नव्हतं, पण आपल्याला कळत नाही एवढं तर कळत होतं. तरी गेलो, कारण चपला राखण्यात मला अपमान वाटला होता. रागानं गेलो, हौसेनं नाही. तेवढ्यासाठी दुसऱ्याच्या मुलीचं हाड मोडलं.

कप्तानच्या घरी गेलो. पहिल्या वेळी तिच्या आईनं दारातूनच परत पाठवलं, ते बरोबरच केलं. दुसऱ्या वेळी कप्ताननं आत घेतलं. मी हात जोडले. ती म्हणाली, तुमच्या माफीनं माझा हात वर जात नाही. निघताना ती म्हणाली, “मला विचारलं असतं, काका, तर माझ्या कयाकमध्ये पुढे बसवून नेलं असतं. तुम्हाला कुणी विचारलं नाही, आणि तुम्हीही मला विचारलं नाही.”

बेबी, एवढं आयुष्य झालं, पण इतकं लागलं नव्हतं. रागावली असती तर सोसलं असतं.

मी परत येत नाही. कप्तान करायची ती किनाऱ्यावरची कामं मी धरली आहेत. कयाक गोड्या पाण्यानं धुणं, दोर सुकवणं, त्या दोघी मायलेकींची भाजी चिरून देणं. तिची आई अजून माझ्याशी बोलत नाही, पण सुरी पुढे सरकवते.

तू ये. पाया पडायला येऊ नकोस, खांदा बघायला ये.
बाबा

३ फेब्रुवारी

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तू येऊन गेल्याला महिना होत आला. तू शिकवलेले व्यायाम कप्तान करते, आणि मी समोर बसून करत नसेन तर तीही थांबते. त्यामुळे माझे खांदे आता फार चांगले झाले आहेत, त्यांना काही झालं नव्हतं तरी. तिचा हात कपाळापर्यंत पोचतो. डॉक्टरांनी काल स्पष्ट सांगितलं, की त्याच्यावर तो फारसा जाणार नाही आणि फुटत्या लाटांत तिनं आता पाहुण्यांना नेऊ नये. खाडीच्या तोंडापलीकडचं पाणी तिला सर्वांत आवडायचं, हे मला बोक्यानं नंतर सांगितलं. हे माझ्यामुळे झालं. यातलं काही मी तुम्हाला वाटून देणार नाही, आणि तुम्ही मागायचंही नाही.

खारफुटीतल्या संथ पाण्यात ती दोघांच्या कयाकमध्ये पुढे बसून पाहुण्यांना दाखवू शकेल, वल्हवायला मागे कोणीतरी हवं. बोका डोंगरावर असतो. तिनं मला विचारलं, शिकाल का. आधी भरती-ओहोटी तोंडपाठ करायला लावली, शाळेत मास्तर घेत तशी परीक्षा घेतली, आणि मी पहिल्यांदा नापास झालो. आता पास आहे.

होय म्हणण्याआधी तुला लिहितो आहे. तुझं उत्तर येईपर्यंत थांबेन. बोका मधे पडणार नाही, त्याला मी तसं सांगितलंय. नको म्हणायचं असेल तर मला म्हण.

तुझ्या मनात काय असेल ते असू दे, माझा जीव तुझ्याकडे आहेच.
बाबा

१० फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

दोन कागद फाडले. एकावर नको लिहिलं होतं, दुसऱ्यावर सूचना लिहिल्या होत्या, त्या मागच्या बाजूलाही गेल्या.

मला भीती वाटते, बाबा. आज एका आजींना चालवताना माझा हात त्यांच्या कमरेमागे होता आणि त्या म्हणाल्या, हात काढ गं, मला कळत नाही मी चालतेय की तू. मी हात काढला. त्या चालल्या, आणि मी मात्र श्वास धरून उभी होते. ही सवय जाणार नाही, ती माझी मला सांभाळू द्या.

कप्तानला सांगा, उजव्या हातानं काही उचलायचं नाही, कितीही राग आला तरी. तिच्यासाठी काय करता येईल ते मी शोधतेय, आणि सापडलं तर आधी तिला विचारेन.

तुम्ही जा. आल्यावर खबर बोक्याकडून नको, तुमच्या हातची पाहिजे.
तुमची बेबी